जवाचे जनुकशास्त्र आणि नव्या वाणांची पैदास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जव, सातू आणि बार्ली ही एकाच धान्याची नावे आहेत का?

होय. होर्डियम व्हल्गेर असे शास्त्रीय नाव असलेल्या रब्बी तृणधान्याला मराठीत या तिन्ही नावांनी ओळखतात. मात्र घरोघरी केले जाणारे सातूचे पीठ बहुतेक वेळा भाजलेले गहू आणि डाळे यांचे असते, आणि जवस हे तर अगदीच वेगळे, तेलबियांचे पीक आहे. पुढील सर्व उत्तरांत जव हाच शब्द वापरला आहे.

गहू आणि तांदळाच्या तुलनेत हे पीक लहान असताना जनुकशास्त्रज्ञांना त्यात एवढा रस का आहे?

त्याचे कारण जवाच्या पेशीत आहे. जवात गुणसूत्रांच्या सात जोड्या, म्हणजे एकूण 14 गुणसूत्रे असतात. आपल्या पोळीच्या गव्हात ती 42 असतात, कारण तीन निरनिराळ्या गवतांचे जनुकसंच त्यात एकत्र आलेले आहेत. गव्हातले एखादे जनुक बिघडले तरी उरलेल्या दोन प्रती काम भागवतात आणि बिघाड डोळ्यांना दिसत नाही. जवात तशी राखीव प्रत नसते. शिवाय हे पीक स्वपरागीभवन करणारे असल्याने सुप्त राहिलेला बदल एक-दोन पिढ्यांतच शेतात रोपाच्या रूपाने समोर उभा राहतो. क्ष-किरणांमुळे वनस्पतींच्या आनुवंशिक गुणांत बदल घडतात, हे अमेरिकेतील लुईस स्टॅडलर यांनी 1928 मध्ये दाखवून दिले ते जवावरच.

सोय एवढी असली तरी अडचणही तितकीच मोठी आहे. जवाचा जनुकसंच सुमारे 500 कोटी अक्षरांचा आहे (डीएनए ज्या रासायनिक घटकांच्या साखळीने बनतो, त्यांना येथे अक्षरे म्हटले आहे); माणसाचा सुमारे 300 कोटींचा आणि ज्वारीचा जेमतेम 73 कोटींच्या आसपास. या 500 कोटींपैकी 80 टक्क्यांहून अधिक भाग पुन्हा पुन्हा येणाऱ्या सारख्याच मजकुराने भरलेला आहे. त्यामुळे जनुक ओळखणे शेतात सोपे आणि प्रयोगशाळेत अवघड, अशी जवाची स्थिती कित्येक दशके होती.

जवाच्या जनुकसंचाचे वाचन पूर्ण झाले आहे का?

या प्रश्नाचे उत्तर ‘कोणत्या जवाचे’ यावर अवलंबून आहे. आंतरराष्ट्रीय संशोधकगटाने 2012 मध्ये पहिला, तुकड्यातुकड्यांचा आराखडा प्रसिद्ध केला आणि 2017 मध्ये सातही गुणसूत्रांवर क्रमाने लावलेला संदर्भ-जनुकसंच दिला. त्यासाठी निवडलेला वाण ‘मोरेक्स’ हा अमेरिकेतील मिनेसोटात तयार झालेला, माल्टसाठीचा (मोड आणून वाळवलेले, बिअर-व्हिस्कीला लागणारे धान्य म्हणजे माल्ट) सहा रांगांचा जव होता; रांगांचा अर्थ पुढे येतोच. पण एका वाणाचे वाचन म्हणजे पिकाचे वाचन नव्हे. रानटी जव, इथिओपियातला जव, तिबेटातला जव आणि युरोपातला माल्टचा जव यांच्यात केवळ अक्षरांचा फरक नसतो, तर काही जनुके एकात असतात आणि दुसऱ्यात नसतात, काहींच्या प्रती कमीजास्त असतात आणि गुणसूत्राचे मोठमोठे तुकडे उलटे बसलेले असतात. म्हणून 2020 मध्ये 20 आणि 2024 मध्ये 76 निरनिराळ्या जवांचे जनुकसंच स्वतंत्रपणे जुळवून प्रसिद्ध करण्यात आले. या कामात जर्मनीतील गाटर्सलेबेन येथील लायब्निझ संस्थेचा वाटा मोठा आहे, कारण तेथील जनुकपेढीत जवाचे 20 हजारांहून अधिक नमुने जतन केलेले आहेत.

2020 च्या अभ्यासातील एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. युरोपातील अनेक आधुनिक वाणांच्या सातव्या गुणसूत्रावर सुमारे 14 कोटी अक्षरांचा एक तुकडा उलटा बसलेला आढळला. त्याचा माग काढला असता तो ‘डायमंट’ या चेकोस्लोव्हाक वाणापर्यंत पोहोचला. हा वाण 1960 च्या दशकात बियाण्यावर किरणोत्सार करून तयार केलेला होता. पैदासकारांनी त्याच्या आखूड ताटासाठी त्याचा संकरात सर्रास वापर केला, आणि गुणसूत्रातला हा फेरफार कोणाच्याही नकळत पिढ्यान्‌पिढ्या पुढे जात राहिला.

रानटी जवापासून शेतातला जव कसा तयार झाला?

रानटी जव आजही इस्रायल, जॉर्डन, सीरिया, तुर्कस्तान, इराक आणि इराणच्या डोंगरउतारांवर उगवतो. त्याची ओंबी पिकली की दांडा पेरापेराला तुटतो आणि दाणे जमिनीवर विखुरतात. रोपाच्या दृष्टीने ही उत्तम व्यवस्था आहे. कापणी करणाऱ्याच्या दृष्टीने मात्र हा निव्वळ तोटा आहे. गॅलिली सरोवराच्या काठी ओहालो येथे सुमारे 23 हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत रानटी जवाचे दाणे सापडले आहेत, म्हणजे माणूस जव खात होता तो पेरू लागण्याच्या कितीतरी आधीपासून. साधारण 10 हजार वर्षांपूर्वी न तुटणाऱ्या ओंब्यांची रोपे शेतात टिकू लागली.

ओंबीचा दांडा तुटण्यासाठी तिसऱ्या गुणसूत्रावर शेजारी-शेजारी असलेली दोन जनुके शाबूत असावी लागतात. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले की काही जवांत पहिल्या जनुकातले फक्त एक अक्षर गळले आहे, तर काहींत दुसऱ्यातली 11 अक्षरे. दोन्हीपैकी कोणतेही एक बिघडले तरी ओंबी शाबूत राहते. हे बदल पश्चिम आशियाच्या निरनिराळ्या भागांत स्वतंत्रपणे घडले आणि निवडले गेले, त्यामुळे जवाचे जन्मस्थान म्हणून नकाशावर एकच ठिपका दाखवता येत नाही. शेतातल्या जवाचा जनुकसंच वेगवेगळ्या प्रदेशांतील रानटी जवांच्या तुकड्यांनी बनलेला आहे, असेच आजवरचे पुरावे सांगतात. मृत समुद्राजवळील योराम गुहेत सापडलेल्या 6 हजार वर्षांपूर्वीच्या दाण्यांतून डीएनए मिळवून तो 2016 मध्ये वाचला गेला, तेव्हा ते दाणे त्याच परिसरातील आजच्या स्थानिक वाणांशी जवळचे नाते सांगणारे निघाले.

दोन रांगांचा आणि सहा रांगांचा जव यांत नेमका फरक काय आहे?

जवाच्या ओंबीच्या प्रत्येक पेरावर तीन लहान फुलोरे असतात. दोन रांगांच्या जवात फक्त मधल्याला दाणा धरतो आणि बाजूचे दोन वांझ राहतात. सहा रांगांच्या जवात तिन्हींना दाणे धरतात. बाजूच्या फुलोऱ्यांना रोखून धरण्याचे काम दुसऱ्या गुणसूत्रावरील एक जनुक करते, आणि ते निकामी झाले की ओंबी सहा रांगांची होते. हे जनुक जपानमधील ताकाओ कोमात्सुदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये ओळखले. हा बिघाड इतिहासात एकाहून अधिक वेळा स्वतंत्रपणे घडलेला आहे.

दाणे तिप्पट म्हणजे उत्पादन तिप्पट, असा हिशेब येथे चालत नाही. सहा रांगांच्या रोपाला फुटवे कमी येतात आणि बाजूचे दाणे बारीक, किंचित वाकडे राहतात. दोन रांगांचा दाणा एकसारखा आणि टपोरा असतो, म्हणून माल्ट करणाऱ्यांचा ओढा त्याच्याकडे असतो. भारतात पूर्वापार सहा रांगांचाच जव पेरला जात असे. माल्टसाठी दोन रांगांचे वाण येथे गेल्या काही दशकांत रुजले.

बिनतुसाचा जव म्हणजे काय?

नेहमीच्या जवाचे तूस दाण्याला घट्ट चिकटलेले असते आणि मळणीने निघत नाही. सातव्या गुणसूत्रावरील एक जनुक दाण्याच्या सालीवर चिकट स्निग्ध थर तयार करवते. ते जनुक गेले की तूस गव्हासारखे सुटे होते. जगातील तपासल्या गेलेल्या सर्व बिनतुसाच्या जवांत सुमारे 17 हजार अक्षरांचा एकच तुकडा गायब असल्याचे 2008 मध्ये आढळले, त्यामुळे हा प्रकार एकदाच निर्माण होऊन सर्वत्र पसरला असावा असे मानले जाते. तिबेट, लडाख आणि स्पिती येथे हाच जव भाजून, दळून त्याचा त्सांपा करतात. आपल्याकडील संस्थांनी ‘गीतांजली’, ‘डोल्मा’, ‘पीएल 891’ असे बिनतुसाचे वाण दिले आहेत.

नवा वाण तयार करायला दहा-बारा वर्षे का लागतात?

कारण संकर करणे हा त्यातला सर्वांत छोटा भाग आहे. फूल उमलण्याआधी चिमट्याने त्यातील परागकोश काढून टाकायचे, ओंबीवर पिशवी चढवायची आणि दोन-तीन दिवसांनी दुसऱ्या वाणाचा पराग त्यावर टाकायचा, एवढे काम सरावलेल्या हाताला काही मिनिटांचे असते. त्यानंतर दुसऱ्या पिढीपासून प्रत्येक रोप वेगळे निघते आणि गुण स्थिर होईपर्यंत पाच-सहा पिढ्या वाट पाहावी लागते. मग दाणे पुरेसे वाढवून निरनिराळ्या ठिकाणी, निरनिराळ्या हंगामांत चाचण्या घ्याव्या लागतात. एका वर्षी पाऊस लांबला, दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीतच उन्हाळा आला, तर दोन्ही वर्षांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत.

वाट पाहण्याचा काळ कमी करण्याचे तीन मार्ग जवात विशेष यशस्वी ठरले आहेत. पहिला मार्ग कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठात काशा आणि काओ यांनी 1970 मध्ये दाखवला: जवाचा संकर होर्डियम बल्बोसम या रानटी नातलगाशी केला, तर गर्भातून त्या नातलगाची गुणसूत्रे आपोआप नाहीशी होतात आणि जवाच्या एकेरी संचाचे रोप मिळते. त्याचा संच रसायनाने दुप्पट केला की एका फटक्यात पूर्ण स्थिर वाण हाती येतो. दुसरा मार्ग म्हणजे दिवसाला 22 तास प्रकाश देऊन वर्षात सहा पिढ्यांपर्यंत घेण्याची पद्धत, जी 2018 मध्ये गहू, जव आणि हरभऱ्यासाठी सविस्तर मांडली गेली. तिसरा मार्ग साधा आहे आणि भारतात तो नियमित वापरला जातो: मैदानात रब्बीचे पीक निघाले की तेच बियाणे उन्हाळ्यात लाहौल खोऱ्यातील दलंग मैदान येथील केंद्रावर किंवा निलगिरीतील वेलिंग्टन येथे पेरायचे, म्हणजे वर्षाला दोन पिढ्या मिळतात.

चाचण्यांचा काळ मात्र या कोणत्याही मार्गाने फारसा कमी होत नाही, आणि तो होऊही नये.

किरणोत्सार करून तयार केलेले वाण खाण्यास सुरक्षित असतात का?

होय. किरण बियाण्यावर एकदाच टाकले जातात. त्यामुळे बियाणे किरणोत्सारी होत नाही, त्याच्या डीएनएत केवळ इकडेतिकडे बदल होतात. निसर्गात असे बदल सावकाश घडतच असतात. हजारो रोपांतून उपयोगी दिसणारे एखादे निवडायचे आणि बाकीची टाकून द्यायची, अशी ही पद्धत आहे. ‘डायमंट’चा उल्लेख वर आलाच आहे. ब्रिटनमधील ‘गोल्डन प्रॉमिस’ हा वाण ‘मेथॉर्प’ या वाणावर गॅमा किरण टाकून मिळवला गेला आणि स्कॉटलंडच्या व्हिस्की उद्योगाचा तो अनेक वर्षे आधार होता. त्याचे ताट आखूड आणि ताठ असल्याने वाऱ्यापावसात पीक लोळत नसे. भुईमूग, मूग, तूर या पिकांचे मुंबईच्या ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात विकसित झालेले वाण याच पद्धतीचे आहेत आणि महाराष्ट्रातील शेतकरी ते वर्षानुवर्षे पेरत आले आहेत.

या क्षेत्रात सर्वांत चिकाटीचे काम स्वीडनमध्ये झाले. तेथे 1928 पासून जवात उत्परिवर्तने, म्हणजे डीएनएतील आनुवंशिक बदल, घडवून जपण्याचा उपक्रम सुरू झाला आणि पुढे ओके गुस्ताफसन आणि उद्दा लुंडक्विस्ट यांच्यासारख्या संशोधकांनी सुमारे 10 हजार उत्परिवर्तित रोपप्रकारांचा संग्रह उभा केला. यांतील बहुसंख्य रोपे शेतीच्या दृष्टीने निरुपयोगी होती: कोणाला कुसळच नाही, कोणाचे पान पांढरे, कोणाची ओंबी खुरटलेली. तरीही ती फेकली गेली नाहीत. जनुकसंच वाचता येऊ लागल्यावर कोणते जनुक काय काम करते हे शोधण्यासाठी जगाला सर्वाधिक उपयोग झाला तो याच ‘निरुपयोगी’ संग्रहाचा.

रोगप्रतिकारक वाण काही वर्षांतच रोगाला बळी का पडू लागतात, आणि जवात याला अपवाद आहेत का?

बहुतेक प्रतिकारक जनुके बुरशीच्या एखाद्या विशिष्ट प्रथिनाला ओळखून रोपाला सावध करतात. बुरशीने ते प्रथिन बदलले की ओळख पटत नाही आणि प्रतिकार संपतो. एकच वाण लाखो हेक्टरवर पेरला असेल, तर अशा बदललेल्या बुरशीला सगळे रान मोकळे मिळते.

जवात या नियमाला दोन मोठे अपवाद आहेत आणि दोन्हींच्या कथा वेगळ्या आहेत. पहिला अपवाद भुरी रोगाचा. ‘एमएलओ’ या जनुकापासून तयार होणाऱ्या प्रथिनाची भुरीच्या बुरशीला पेशीत शिरण्यासाठी गरज असते. ते जनुक निकामी असलेल्या रोपात बुरशीला वाटच सापडत नाही. येथे बुरशीने ओळख चुकवण्याचा प्रश्नच येत नाही, म्हणून हा प्रतिकार चार दशकांहून अधिक काळ टिकून आहे. जर्मनीत 1942 मध्ये क्ष-किरणांनी असा बदल घडवण्यात आला होता, परंतु पैदासकारांनी मुख्यतः वापरला तो निसर्गतः घडलेला बदल, जो 1937-38 मध्ये इथिओपियाहून आणलेल्या स्थानिक जवांत होता. सुरुवातीला या बदलासोबत पानांवर तपकिरी ठिपके येत आणि उत्पादन थोडे घटे. सातत्याने संकर आणि निवड करून तो दोष कमी करायला बराच काळ गेला, आणि 1979 मध्ये ‘आटेम’ हा असा पहिला वाण बाजारात आला. जनुक प्रत्यक्ष हाती लागले ते 1997 मध्ये. गव्हात हाच परिणाम साधण्यासाठी चिनी शास्त्रज्ञांना 2014 मध्ये जनुकसंपादन (ठरावीक जनुकात नेमका बदल) करून तिन्ही प्रती बंद कराव्या लागल्या.

दुसरा अपवाद खोडावरील तांबेऱ्याचा. अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यात 1935 मध्ये तांबेऱ्याने जवाची शेते वाळून गेली असताना सॅम लिकेन या शेतकऱ्याला आपल्या शेतात एक रोप हिरवे राहिलेले दिसले. त्याने त्याचे बी वेगळे ठेवून वाढवले. त्यातून ‘किंड्रेड’ हा वाण आला आणि त्यातल्या एका जनुकाने उत्तर अमेरिकेतील जवाला पुढची पन्नासेक वर्षे तांबेऱ्यापासून राखले. हे जनुक 2002 मध्ये वेगळे करण्यात आले. कोणत्याही प्रयोगशाळेपेक्षा त्या शेतकऱ्याच्या नजरेचे श्रेय येथे मोठे आहे.

भारतात जवाचा मुख्य शत्रू पिवळा तांबेरा आहे, आणि तो उत्तरेच्या थंड पट्ट्यात वाढतो. गहू आणि जवावरील तांबेरा मैदानातील कडक उन्हाळ्यात तग धरू शकत नाही आणि दरवर्षी डोंगरांतून खाली येतो, हे प्रा. के. सी. मेहता यांनी अनेक वर्षांच्या निरीक्षणातून दाखवले. सिमल्यातील फ्लॉवरडेल येथील केंद्र त्यांच्याच कामातून उभे राहिले आणि बुरशीच्या नव्या प्रकारांवर आजही तेथून लक्ष ठेवले जाते. याच साखळीतला एक महाराष्ट्रातील दुवा म्हणजे महाबळेश्वरचे गहू तांबेरा संशोधन केंद्र, अर्थात त्याचे काम गव्हापुरते आहे. राजस्थानच्या वाळूमय जमिनीत मुळांवरच्या सूत्रकृमींमुळे होणारा मोल्या रोग ही आणखी एक जुनी पीडा असून दुर्गापुरा येथील ‘आरडी 2035’ हा वाण त्याला प्रतिकारक आहे.

माल्टसाठी चांगला आणि खाण्यासाठी चांगला, असा एकच वाण का काढता येत नाही?

दोन्ही गिऱ्हाइकांच्या मागण्या परस्परविरोधी आहेत. माल्ट करताना दाणा भिजवून मोड आणतात, मग तो वाळवतात. त्या काळात दाण्यातील विकरे (एन्झाइम) पेशींच्या भिंती फोडून पिठूळ भाग मोकळा करतात. पेशींच्या भिंतीत बीटा-ग्लुकान हा तंतुमय पदार्थ जास्त असेल तर माल्टपासून काढलेला रस दाट होतो आणि गाळताना तुंबतो. खाणाऱ्याला मात्र तोच पदार्थ हवा असतो, कारण तो रक्तातील कोलेस्टेरॉल कमी करण्यास मदत करतो. त्यासाठी दिवसाला 3 ग्रॅम बीटा-ग्लुकान हे प्रमाण सांगितले जाते, आणि अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने ओटसाठी मान्य केलेला हा आरोग्यविषयक दावा 2006 मध्ये जवालाही लागू केला. प्रथिनांचेही तसेच आहे. माल्टवाल्यांना ती साधारण 9 ते 11.5 टक्क्यांच्या दरम्यान हवी असतात, तर जनावरांच्या खाद्यासाठी जास्त असलेली बरी. तूसदेखील माल्टला हवे असते, कारण रस गाळताना तेच चाळणीचे काम करते.

त्यामुळे माल्टचा जव काढणाऱ्या पैदासकाराला शेतकऱ्याचे उत्पादन, रोगप्रतिकार आणि कारखान्याच्या डझनभर कसोट्या एकाच रोपात बसवाव्या लागतात, आणि संकरासाठी एखादा रांगडा स्थानिक वाण घेतला की माल्टचे सगळे गणित विस्कटते. याच भीतीने जगभरचे माल्टचे वाण एकमेकांच्या फार जवळच्या नात्यात अडकून पडले आहेत. कोपनहेगनमधील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेने या चौकटीतही बरेच साध्य केले: बिअर गढूळ करणारी द्रव्ये नसलेले आणि ती शिळी होताना येणारा वास टाळणारे जव त्यांनी उत्परिवर्तनातून मिळवले.

जवात ग्लुटेन असते का, आणि ते काढून टाकता येते का?

असते. जवातील ग्लुटेन म्हणजे होर्डीन ही प्रथिने, आणि ती सीलिअ‍ॅक रोग (ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार) असलेल्यांना अपायकारक असतात, त्यामुळे अशा व्यक्तींनी साधा जव खाऊ नये. ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या संस्थेने निरनिराळ्या होर्डीनांचा अभाव असलेल्या रोपांचा पारंपरिक संकर करून ‘केबारी’ हा जव विकसित केला आहे. त्यातील ग्लुटेन ग्लुटेनमुक्त अन्नासाठीच्या दशलक्षात 20 भाग या आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या बरेच खाली आहे. तो प्रामुख्याने बिअरसाठी वापरला जातो आणि आपल्याकडील किराणा दुकानातल्या जवाशी त्याचा काही संबंध नाही. याच संस्थेचा ‘बार्लीमॅक्स’ हा दुसरा जव पिष्ट तयार करणाऱ्या एका विकरातील बदलामुळे सावकाश पचतो.

क्षारपड, बोरॉनयुक्त किंवा आम्लधर्मी जमिनीत जव तग कसा धरतो?

गव्हापेक्षा जव क्षार अधिक सोसतो ही गोष्ट शेतकऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. काही बाबतींत त्यामागची यंत्रणा आता उलगडली आहे. ऑस्ट्रेलियाच्या काही भागांत जमिनीतील बोरॉनचा अतिरेक पीक जाळतो. तेथील शास्त्रज्ञांना 2007 मध्ये आढळले की अल्जीरियातील ‘सहारा’ या स्थानिक जवात बोरॉन बाहेर फेकणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाच्या नेहमीपेक्षा जास्त प्रती आहेत. त्याच वर्षी जपानी गटाने आम्लधर्मी जमिनीत विरघळणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमपासून मुळांना वाचवणारे जनुक ओळखले. ते मुळांच्या टोकातून सायट्रेट बाहेर सोडून अ‍ॅल्युमिनियम बांधून टाकते. भारतात क्षारपड जमिनीसाठी ‘आरडी 2552’ हा वाण वापरला जातो.

दिवसाच्या लांबीचा आणि वाणाचा काय संबंध आहे?

रानटी जव दिवस मोठा होऊ लागला की लवकर फुलतो आणि उन्हाळ्याच्या आत बी टाकून मोकळा होतो. उत्तर युरोपात उन्हाळा सौम्य आणि दिवस लांब असल्याने उशिरा फुलणारे रोप अधिक दाणे भरू शकते. तेथे याच गुणाचे जनुक मंदावलेल्या वाणांची निवड होत गेली. हे जनुक 2005 मध्ये ओळखले गेले. याउलट स्वीडनमध्ये 1960 च्या सुमारास आलेला ‘मारी’ हा उत्परिवर्तित वाण दिवसाच्या लांबीची पर्वा न करता लवकर पिकतो, कारण त्याच्या अंतर्गत घड्याळाचे एक जनुक बिघडलेले आहे. भारतात तर चार-साडेचार महिन्यांत, मार्चचे ऊन तापण्याआधी दाणा भरणे आवश्यक असते. म्हणूनच युरोपातला उत्तम वाण जसाच्या तसा आणून पेरला तर बहुधा निराशाच पदरी येते.

भारतात हे संशोधन कोठे होते?

भारतीय कृषी संशोधन परिषदेची गहू व जव संशोधन संस्था हरियाणातील कर्नाल येथे आहे आणि देशभरच्या चाचण्यांचे सूत्रसंचालन तेथून होते. हिसार, दुर्गापुरा, लुधियाना, कानपूर आणि हिमाचलमधील बजौरा ही इतर महत्त्वाची केंद्रे आहेत. वाणाच्या नावातील अक्षरे सहसा केंद्र सांगतात: ‘डीडब्ल्यूआरबी’ म्हणजे कर्नाल, ‘बीएच’ म्हणजे हिसार, ‘आरडी’ म्हणजे दुर्गापुरा. ‘डीडब्ल्यूआरयूबी 52’ हा दोन रांगांचा माल्टचा वाण आणि ‘बीएच 946’ हा सहा रांगांचा वाण यांतील परिचित नावे आहेत.

1950-51 मध्ये देशात जवाखाली सुमारे 31 लाख हेक्टर क्षेत्र होते. सिंचन वाढले, गव्हाला हमीभावाने खरेदीची खात्री मिळाली आणि आज ते 6 लाख हेक्टरच्या आसपास उरले आहे. त्यातही राजस्थान आणि उत्तर प्रदेश यांचाच मोठा वाटा आहे. वाण चांगले नव्हते म्हणून हे घडले, असे म्हणता येणार नाही. प्रति हेक्टर उत्पादन या काळात वाढत गेले, पण जवाचे कमी पाण्यावर येणे ज्या शेतांत मोलाचे होते, ती शेतेच ओलिताखाली आल्यावर तो गुण कोणाला फारसा हवासा राहिला नाही.

जुने स्थानिक वाण जपण्यावर एवढा भर का दिला जातो?

वरच्या उत्तरांत आलेली इथिओपियाची भुरीप्रतिकारक रोपे किंवा अल्जीरियाचा ‘सहारा’ यांपैकी काहीही गोळा केले गेले तेव्हा त्याचा नेमका उपयोग ठाऊक नव्हता. जनुकपेढ्यांचा खर्च मागताना नेमका हाच मुद्दा पटवणे कठीण जाते. सीरियातील अलेप्पोजवळ ‘इकार्डा’ या आंतरराष्ट्रीय संस्थेचा जवाचा जगातील एक महत्त्वाचा संग्रह होता. युद्धामुळे ती जागा सोडावी लागली, पण बियाण्याच्या प्रती नॉर्वेतील स्वालबार्डच्या बीजकोठारात आधीच ठेवलेल्या असल्याने 2015 मध्ये त्या परत मागवण्यात आल्या. त्या कोठारातून बियाणे बाहेर काढण्याची ती पहिलीच वेळ होती. लेबनॉन आणि मोरोक्कोत ते पुन्हा वाढवले गेले आणि 2017 पासून नव्या प्रती स्वालबार्डला परतू लागल्या.

शीतगृहाबाहेर, शेतातच विविधता जपण्याचे प्रयोगही झाले आहेत. हॅरी हार्लन आणि मेरी मार्टिनी यांनी 1929 मध्ये जगभरच्या 28 जवांचे आपापसांत 378 संकर करून सगळ्यांचे बी एकत्र मिसळले, आणि कॅलिफोर्नियात ते मिश्रण कित्येक दशके निवड न करता पेरले गेले. त्याचप्रमाणे इकार्डात साल्वातोरे चेकारेल्ली यांनी सीरियातील कोरडवाहू शेतकऱ्यांच्याच शेतात, त्यांच्याच हातून निवड करून घेतली. संशोधन केंद्राच्या सुपीक, ओलिताच्या जमिनीवर अव्वल ठरलेला वाण माळावर मागे पडतो, हे त्यातून स्पष्ट झाले. कोरडवाहू महाराष्ट्रातील वाणचाचण्या पाहणाऱ्याला यात नवे काही वाटणार नाही.

जनुकसंपादित जव बाजारात आहे का?

भारतात नाही. संशोधनात मात्र क्रिस्पर या जनुकसंपादन तंत्राचा वापर जवात नित्याचा झाला आहे, आणि त्यासाठी बहुधा ‘गोल्डन प्रॉमिस’ हाच वाण वापरतात, कारण त्याच्या पेशींपासून पूर्ण रोप वाढवणे तुलनेने सोपे जाते. परके जनुक घातलेला जव खाद्यपीक म्हणून व्यापारी लागवडीत रुजलेला नाही. बिअर आणि व्हिस्कीच्या ग्राहकांची नाराजी ओढवून घेण्यास उद्योग तयार नाहीत, हे त्यामागचे मोठे कारण आहे. ज्यात परके जनुक उरत नाही अशा काही प्रकारच्या जनुकसंपादित वनस्पतींना भारत सरकारने 2022 मध्ये जनुकबदल पिकांच्या कठोर नियमांतून सूट दिली आहे, त्यामुळे पुढील काळात चित्र बदलू शकते. भुरीप्रतिकारासारखे जे गुण एखादे जनुक बंद करून मिळतात, त्यांना ही पद्धत चांगली लागू पडते. उत्पादन किंवा दुष्काळ सोसण्याची क्षमता शेकडो जनुकांच्या लहानलहान परिणामांतून ठरत असल्याने तेथे संपूर्ण जनुकसंचावरून अंदाज बांधून निवड करण्याची पद्धत अधिक कामाची आहे.

महाराष्ट्रात जव पेरून पाहावा का?

हौसेखातर किंवा घरच्या वापरापुरता पेरायला हरकत नाही. व्यापारी लागवडीचा विचार करताना मात्र आधी खरेदीदार निश्चित करावा. माल्ट कंपन्यांची करारशेती मुख्यतः राजस्थान, हरियाणा आणि पंजाबात आहे. महाराष्ट्रात थंडीचा काळ आखूड असल्याने दाणा बारीक राहण्याचा आणि त्यात प्रथिने वाढण्याचा धोका असतो, आणि माल्टसाठी तेवढ्यावरच माल नाकारला जातो. पेरणी नोव्हेंबरच्या मध्यापलीकडे लांबवू नये. नत्र गव्हापेक्षा कमी द्यावे, अन्यथा पीक लोळते. बियाणे निवडताना शेजारच्या मध्य प्रदेश आणि गुजरातचा समावेश असलेल्या मध्य विभागासाठी शिफारस झालेल्या वाणांपासून सुरुवात करावी, कारण वायव्य मैदानासाठी काढलेल्या वाणांना तिकडची लांब थंडी गृहीत धरलेली असते.